न गुंडाळलेली फीत

जुन्या संगणकांचं भंगार जिथं किलोवर विकलं जातं, तिथं टेप ड्राइव्ह ओळखायला नजर लागते. सीडी ड्राइव्हच्याच मापाचा खोका, पण बाहेर सरकणारा ट्रे नाही. तोंडाशी नुसती एक झडप. ती बोटानं आत ढकलली की धूळ, एक रबरी चाक आणि धातूचं इवलंसं डोकं दिसतं. हे काय आहे ते विकणाऱ्याला ठाऊक नसतं आणि ते चालेल का हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं. सौदा त्यामुळे लवकर पटतो.

घेणारा सहसा एखाद्या फितीच्या मागे लागलेला असतो. कुणाच्या माळ्यावर वडिलांच्या प्रबंधाची कार्ट्रिज असते, कुणाकडे बंद पडलेल्या कारखान्याच्या हिशेबाची, कुणाकडे स्वतःच पंचविशीत लिहिलेल्या प्रोग्रामची. वर पेननं तारीख घातलेली असते. त्या तारखेला कुणीतरी ‘झाला एकदाचा बॅकअप’ म्हणून सुस्कारा सोडून घरी गेलेलं असतं. पुढं तो वाचायचा कशावर, हा प्रश्न तीस वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या पदरात पडतो.

आणि मग ही मंडळी वळतात ती लिनक्स, फ्रीबीएसडी अशा युनिक्सच्या गोतावळ्याकडे. विंडोजनं आपल्या अंगभूत बॅकअप प्रोग्राममधून टेपला केव्हाच निरोप दिला. युनिक्सच्या घरात मात्र टेपचं पान अजून मांडलेलं असतं. पाहुणा येवो न येवो.

हे पान किती जुनं आहे ते ‘टार’ या आज्ञेच्या नावातच आहे. टेपमधला ‘ट’ आणि आर्काइव्हमधला ‘आर’ यांची ही गाठ. बेल लॅब्समधल्या युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ती आली; त्याआधी तेच काम ‘टॅप’ आणि ‘टीपी’ करत. टार आपल्या फाइली ५१२ बाइटांच्या घासांत कापतं आणि असे २० घास एकत्र करून १०,२४० बाइटांचा एक गठ्ठा फितीवर टाकतं, कारण गठ्ठे जितके मोठे, तितकी त्यांच्यामधली फितीची कोरी जागा कमी वाया जाते. आज क्लाउडवर डॉकरची इमेज चढवणाऱ्या इंजिनिअरनं जन्मात फीत पाहिलेली नसते, पण त्याच्या इमेजचे थर टारच्याच गाठोड्यात बांधलेले असतात. ‘डम्प’ नावाची आज्ञा तर याहून भाबडी. फ्रीबीएसडीत तिला काही सांगितलं नाही, तर समोर २,३०० फुटांचं रीळ लावलेलं आहे असं ती गृहीत धरून चालते. फूट! हार्ड डिस्कच्या जमान्यात ती फितीची लांबी फुटांत मोजते, आणि ती सुधारायची कुणाला घाई नाही.

पण पान मांडलेलं असलं, तरी पाहुणा आधी दारातून आत यायला हवा.

१९९० च्या दशकातल्या बऱ्या ड्राइव्हला दार लागायचं ‘स्कझी’ या जोडणीचं. ५० पिनांची चपटी केबल, प्रत्येक उपकरणाला ० ते ७ मधला वेगळा क्रमांक, त्यातला ७ बहुधा कार्डानंच स्वतःकडे ठेवलेला, आणि केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर. या टर्मिनेटरनं किती जणांच्या रात्री खाल्ल्या असतील! विहिरीत हाक मारली की ती भिंतीवर आपटून परत येते, तसा तारेतला संकेतही मोकळ्या टोकावरून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या संकेताला धडकतो. टोकाला योग्य रोध लावला की हाक तिथंच जिरते. तत्त्व इतकं सरळ. प्रत्यक्षात मात्र ड्राइव्हच्या पाठीवरचा एखादा बारीक जंपर उलटा बसलेला असतो, केबल वीतभर जास्त लांब असते, आणि सगळं बरोबर दिसत असूनही यंत्र ढिम्म. नारळ फोडायचा तेवढा बाकी राहतो. त्यातून अ‍ॅडॅप्टेकच्या २९४० सारखं कार्ड मिळालं, तर त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आजही आहे. पण ते कार्ड ज्या पीसीआय खाचेत बसतं, ती खाच नव्या मदरबोर्डांवरून जवळजवळ गेली. म्हणून या छंदातल्या प्रत्येकाकडे टेबलाखाली एक जुना संगणक जपून ठेवलेला असतो. जुन्या पाहुण्याला उतरायला जुनीच खोली.

सगळं जुळलं, तर संगणक सुरू होताना पडद्यावर सरकणाऱ्या ओळींत एक ओळ येते: अमुक कंपनी, अमुक मॉडेल, आणि पुढं ‘सिक्वेन्शियल अ‍ॅक्सेस’. ओळीनं वाचायचं यंत्र. लिनक्समध्ये अशा यंत्राचा ‘एसटी’ हा ड्रायव्हर फिनलंडच्या काई माकिसारा यांनी लिहिला आणि वर्षानुवर्षं सांभाळला. त्याच्यामुळे ड्राइव्ह ‘एसटी०’ या नावानं एका फाइलीच्या वेशात समोर उभा राहतो.

युनिक्सचा हा लाडका हट्ट: जे जे म्हणून आहे, ते ते फाइल. पण टेप ही फाइलीसारखी वागायला फारशी राजी नसलेली फाइल आहे. तिच्यात हवं तिथं टुणकन उडी मारता येत नाही. कॅसेटवरचं तिसरं गाणं ऐकायला आधीची दोन पुढं ढकलावी लागायची, तसंच. आणि याहून घातक गोष्ट अशी की ‘एसटी०’ चं दार बंद झालं की ड्राइव्ह फीत आपोआप सुरुवातीपर्यंत गुंडाळतो. दार बंद करायचं, पण फीत आहे तिथंच ठेवायची असेल, तर त्याच ड्राइव्हचं दुसरं नाव वापरायचं: ‘एनएसटी०’. हा ‘एन’ म्हणजे ‘नो रिवाइंड’, गुंडाळू नये. फ्रीबीएसडीत हीच जोडी ‘एसए०’ आणि ‘एनएसए०’, वर काम संपलं की कार्ट्रिज बाहेर फेकणारं तिसरं ‘ईएसए०’ सुद्धा.

या एका अक्षरानं घात केलेल्या माणसांची गोष्ट टेपवाल्यांच्या प्रत्येक बैठकीत निघते. सोमवारचा बॅकअप ‘एसटी०’ वर घेतला, ड्राइव्हनं फीत गुंडाळली. मंगळवारचा त्यापुढं बसेल या समजुतीनं घेतला, तो सोमवारच्या डोक्यावर बसला. बुधवारचा मंगळवारच्या. कुठंही चूक दाखवणारी एक ओळ नाही. आठवड्याच्या शेवटी फितीवर एकच दिवस उरतो, आणि ते कळतं मात्र सोमवारची फाइल हवी असते त्या दिवशी.

‘एमटी’ ही फीत हलवायची आज्ञा. तिला सांगून फीत पुढं नेता येते, मागं आणता येते, अमुक खुणा ओलांडायला लावता येते. जुनी कार्ट्रिज आली की अनुभवी माणूस वाचायला धावत नाही. आधी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन परत आणतो. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेल्या फितीचे वेढे कुठं सैल, कुठं घट्ट झालेले असतात. या फेरीनं ते सारखे होतात. पेन्सिल घालून कॅसेट फिरवलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग वाचन. इथं एक विनोदी माशी शिंकते. सोळा गिगाबाइट मेमरीचं यंत्र, फितीवर मोजून काही मेगाबाइट, आणि लिनक्स म्हणतं: मेमरी देता येत नाही. नवखा माणूस मेमरी तपासत बसतो. खरं कारण वेगळंच असतं. फीत लिहिणाऱ्यानं ३२ किलोबाइटांचे गठ्ठे केलेले असतात आणि वाचणारा टारच्या सवयीप्रमाणे दहाचंच भांडं पुढं करतो. गठ्ठा अर्धा ओतता येत नाही, म्हणून ड्रायव्हर सरळ नकार देतो, आणि तो नकार कुणा काळी निवडलेल्या त्या चुकीच्या शब्दांत बाहेर पडतो. ‘डीडी’ या आज्ञेला ६४ किंवा २५६ किलोबाइटांचं मोठं भांडं दिलं की फीत मुकाट्यानं वाहू लागते. कधी सगळी अक्षरं जोडीजोडीनं उलटी येतात, कारण लिहिणाऱ्या यंत्राची बाइट लावायची रीत वेगळी होती. ‘डीडी’ कडे त्यावरही औषध आहे: ‘स्वॅब’, जोड्या अदलून-बदलून टाकणारं. ही सगळी हत्यारं ज्या अडचणींसाठी घडवली, त्या अडचणी बाजारातून गेल्या. हत्यारं मात्र खुंटीवर तशीच टांगलेली आहेत.

स्कझीचे ड्राइव्ह महाग, म्हणून घरगुती ग्राहकासाठी दुसरी एक जात निघाली होती, आणि खरी गंमत तिच्यात आहे. क्यूआयसी-८०. पाव इंच रुंद फीत, तळहातात मावणारी कार्ट्रिज, ८० मेगाबाइट, लांब फीत घातली तर १२०. कोलोरॅडो मेमरी सिस्टिम्सचा ‘जंबो २५०’ यातलाच; त्यातले २५० हे माहिती दाबून निम्मी होईल अशा आशेवर छापलेले. हे ड्राइव्ह स्वस्त होते, कारण त्यांना स्वतःचं कार्डच नव्हतं. ते फ्लॉपीच्या केबलवर लागत आणि आपण फ्लॉपीच आहोत असं सोंग घेत.

आता फ्लॉपीच्या केबलमधून टेपला ‘पुढं चल’ कसं सांगायचं? फ्लॉपीला हुकूम कळतो एकच: डोकं एक पाऊल सरकव. त्यासाठी तारेवर एक ठोका येतो. तेव्हा या ड्राइव्हच्या कर्त्यांनी ठरवलं की ठोके मोजायचे. एक ठोका म्हणजे सगळं सोडून पहिल्यापासून सुरू हो. सहा ठोके म्हणजे तुझी हालहवाल सांग. दहा ठोके म्हणजे फीत पुढं चालव. उत्तरही तसंच, चोरवाटेनं. फ्लॉपीत ‘डोकं शून्याव्या मार्गावर पोचलं’ एवढंच सांगणारी एक तार असते. ड्राइव्ह त्या तारेवर एका वेळी एक बिट ठेवतो: हो किंवा नाही. पुढचा बिट हवा, तर पुन्हा दोन ठोके द्यायचे. शेजारच्या खोलीतल्या माणसाशी भिंतीवर टकटक करून बोलावं आणि त्यानं दिव्याचं बटण चालू-बंद करून उत्तर द्यावं, असा हा संसार. या संभाषणातून तो ड्राइव्ह फीत २८ पट्ट्यांत नांगरल्यासारखी पुढं-मागं वाचायचा. दर ३२ किलोबाइटांच्या तुकड्यात २९ माहितीचे आणि ३ दुरुस्तीचे, म्हणजे फितीवर एखादं अक्षर मेलं तरी उरलेल्यांवरून ते पुन्हा उभं करता यावं.

लिनक्समध्ये ही टकटक करणारा ड्रायव्हर होता ‘एफटेप’. बास लारहोव्हन यांनी तो सुरू केला, पुढं क्लाउस-युस्टस हाइन यांनी वाढवला. २००७ च्या फेब्रुवारीत निघालेल्या २.६.२० या कर्नलमधून तो काढून टाकला गेला. कुणी सांभाळत नव्हतं, वापरणारे उरले नव्हते. स्कझीचा ‘एसटी’ टिकला आणि ‘एफटेप’ गेला, यात अन्याय असला तरी नवल नाही. स्कझी ड्राइव्ह शहाणा असतो. त्याला ‘वाच’ म्हटलं की बाकीचं त्याचं तो बघतो. स्वस्त ड्राइव्हनं आपली सगळी अक्कल ड्रायव्हरकडे गहाण ठेवलेली. ठोके कधी द्यायचे, किती थांबायचं, फीत थोडी पुढं निघून गेली तर मागं कशी आणायची, हे सगळं ‘एफटेप’ च्या डोक्यात. ग्राहकानं ड्राइव्ह घेताना वाचवलेले पैसे कर्नल सांभाळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं हप्त्यानं फेडले, आणि एक दिवस हप्ता थांबला. तेव्हापासून क्यूआयसी-८० वाचणारे जुनं लिनक्स जपून ठेवलेल्या जुन्या यंत्रावरच विसंबून राहिले. २०२५ मध्ये एका छांदिष्ट प्रोग्रामरनं एआय सहायकाला हाताशी धरून ‘एफटेप’ नव्या कर्नलवर पुन्हा चालता केला. भिंतीवरची टकटक पुन्हा सुरू झाली. फक्त फ्लॉपीची केबल लावायची जागा असलेला संगणक शोधायचं काम ज्याचं त्याच्याकडेच राहिलं. यूएसबीची फ्लॉपी इथं कामाची नाही. तिच्यापर्यंत ठोके पोचतच नाहीत.

आज्ञा आहेत, ड्रायव्हर आहे, केबल आहे. आणि झडप उघडून आत पाहावं, तर फीत ओढणारं रबरी चाक काकवी झालेलं.

हा शब्द अतिशयोक्तीचा नाही. तीस वर्षांत त्या रबराचं खरोखरच काळं, ओघळणारं, चिकट काहीतरी होतं. त्यावर कार्ट्रिज फिरवली की ते तिला माखतं आणि पुढची प्रत्येक कार्ट्रिज बरबाद होते. मग टेबलावर वर्तमानपत्र अंथरून स्पिरिट आणि कापसाच्या बोळ्यांनी ते खरवडायचं. धातूची दांडी लखलखीत झाली की तिच्यावर नेमक्या जाडीची सिलिकॉनची नळी कापून चढवायची, खेळण्यातल्या विमानांच्या इंधनाला वापरतात तशी. व्यास दशांश मिलिमीटरनं चुकला तरी फितीचा वेग बदलतो. कार्ट्रिजच्या पोटातही एक ताणपट्टा असतो, दोन्ही रिळांना एकदम फिरवणारा. तो सैल तरी पडतो, तुटतो तरी, किंवा फितीला असा चिकटतो की सुटताना तिच्यावरचा चुंबकीय लेपच घेऊन येतो. शिवाय या फितीचं टोक रिळाला बांधलेलंच नसतं! टोक जवळ आलं हे ड्राइव्हला कळतं ते फितीतल्या बारीक भोकांतून आलेल्या उजेडावरून. उजेड ओळखणाऱ्या डोळ्यावर धूळ बसली, तर ड्राइव्ह फिरवतच राहतो आणि फीत रिळावरून निसटून पार सुटी होते. ज्यानं एकदा ती हातानं, श्वास रोखून, परत गुंडाळली आहे, तो पुढच्या वेळी ड्राइव्ह लावण्याआधी तो डोळा न चुकता पुसतो.

दमट हवा हा आणखी एक शत्रू. कोकणात पावसाळ्यानंतर व्हिडिओ कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी डोकावायची, ते आठवणारे पुष्कळ असतील. काही जातींच्या फितींत लेप धरून ठेवणारा पदार्थच हवेतलं पाणी शोषून सैल पडतो आणि फीत डोक्याला चिकटून किंचाळते. तिला पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास शेकतात. मग ती थोडे दिवस वाचता येते. तेवढ्यात काय ते करून घ्यायचं.

या खटाटोपाचं सगळ्यात मोठं फळ खुद्द युनिक्सच्याच पदरात पडलं, ही यातली खुमारी. सी भाषेचा कर्ता डेनिस रिची याच्याकडे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या काही डेकटेप होत्या. चार इंची रीळ, पाऊण इंच रुंद फीत, प्रत्येकीवर ५७८ गठ्ठे, म्हणजे एकूण तीन लाख बाइटांहूनही थोडे कमी. प्रत्येक बिट दोन पट्ट्यांवर एकदमच लिहायचा ही डेकटेपची रीत, म्हणून ती दणकट. पण ती वाचणारं यंत्र बेल लॅब्समध्ये उरलं नव्हतं. पॉल व्हिक्सी आणि कीथ बॉस्टिक या दोघांनी असा एक ड्राइव्ह कुठून तरी मिळवून व्हॅक्स संगणकाला जोडला आणि त्यातून सीचे दोन अतिप्राचीन कंपायलर बाहेर आले. पहिल्यात ‘स्ट्रक्ट’ हा शब्दच नाही. दुसऱ्यात तो नुकता उगवलेला. भाषेनं कूस बदलतानाची दोन चित्रं, नेमकी आधीची-नंतरची. तारखा मात्र नीट लागत नाहीत. सुरुवातीचं युनिक्स वेळ मोजायचं सेकंदाच्या साठाव्या भागात, आणि ३२ बिटांत असे जेमतेम ८२९ दिवस मावतात. भांडं भरत आलं की मोजणी सुरू करायचा दिवसच पुढं सरकवायचे. तेव्हा फितीवरचा आकडा शाबूत असला, तरी तो कोणत्या दिवसापासून मोजायचा हा वाद राहतोच.

२०२५ मध्ये युटा विद्यापीठातल्या अडगळीतून एक रीळ निघालं. त्यावर हातानं लिहिलं होतं की हे बेल लॅब्सकडून आलेलं मूळ युनिक्स, चौथी आवृत्ती. १९७३ ची ही आवृत्ती, गाभा सी भाषेत पुन्हा लिहिलेली पहिली, आणि तोवर तिची पूर्ण प्रत कुणाकडे असल्याचं माहीत नव्हतं. रीळ कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये गेलं. तिथल्या अल कॉसो यांनी ते नेहमीसारखं वाचलं नाही. ड्राइव्हच्या डोक्यात उमटणाऱ्या विजेच्या लाटा आधी आकड्यांत टिपून घेतल्या आणि त्या लाटांतून बिट शोधायचं काम लेन शुस्टेक यांच्या प्रोग्रामवर सोडलं. फीत एकदाच फिरवायची, अर्थ नंतर हवा तितक्या वेळा लावायचा. त्या डिसेंबरात ते युनिक्स बाहेर आलं.

टेपला म्हातारी म्हणून हसणाऱ्यांसाठी एक वर्ष पुरे: २०११. फेब्रुवारीच्या अखेरीस एका सदोष अपडेटमुळे जीमेलच्या ०.०२ टक्के वापरकर्त्यांची खाती रिकामी दिसू लागली. गूगलकडे पत्रांच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी होत्या, आणि चूक त्या प्रतींपर्यंत पोचली. पत्रं परत आली ती टेपवरून, कारण टेप तेव्हा कशालाच जोडलेली नव्हती. बाजारात आजही एलटीओच्या नव्या कार्ट्रिज येतात. २००० साली पहिली आली ती १०० गिगाबाइटांची, २०२१ ची नववी १८ टेराबाइटांची. आठव्या पिढीच्या ड्राइव्हला सातवी वाचता येते, सहावी नाही. माळ्यावर जायला निघालेल्या कार्ट्रिज आजही भरल्या जात आहेत.

रात्री टेबलापाशी बसलेल्या माणसाला यातलं काही आठवत नसतं. नळी चढवलेलं चाक फिरतंय, डोकं स्वच्छ आहे, ‘एनएसटी०’ मधला ‘एन’ त्यानं दोनदा तपासलाय. फीत चालते, थांबते, थोडी मागं जाते, पुन्हा चालते, बूटपॉलिशवाल्याच्या फडक्यासारखी. यंत्र माहिती पुरेशा वेगानं उचलत नसलं की असं होतं. कान लावून ऐकणाऱ्याला दर थांब्याला धस्स होतं. मग आवाज एकसुरी होतो. पडद्यावर टारची यादी सरकू लागते: परवानग्या, मालक, आकार, तारीख, नाव. १९९३ चा जून. ‘पत्र१’, ‘पत्र२’, ‘हिशेब.जुना’. मालकाच्या रकान्यात नाव नाही, नुसता आकडा: ५०३. जुन्या टारमध्ये माणसाचं नाव लिहायची सोय नव्हती. कोण ५०३, हे त्या यंत्राच्या पासवर्ड फाइलीत होतं, आणि ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं. यादी पुढं सरकते. ५०३, ५०३, ५०३, मध्येच एक ५०७, पुन्हा ५०३.